दहा मापं ॲसिड

मी काय काम करते हे सांगायची वेळ आली की मला आधीच थकवा येतो. कर्जतला आमच्या सोसायटीत कुणी विचारलं तर "केमिकल कंपनीत आहे" एवढं सांगून मी जिना चढायला लागते. कारण खरं सांगितलं, की आम्ही लाल मातीतून निकेल काढायचे प्रयोग करतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे माथेरानच्या मातीत निकेल आहे?" नाही हो, नाही. माथेरानची माती पांढऱ्या बुटांना लागते आणि सात वेळा धुतली तरी जात नाही, एवढाच तिचा पराक्रम. आमची माती ओडिशाच्या खाणींकडून ट्रकने येते. तिला लॅटराइट म्हणतात. घराण्याने ती जांभाच, पण तिच्या पोटात थोडंसं निकेल अडकलेलं असतं आणि ते सोडवायला ती गरम सल्फ्युरिक ॲसिडात तासन्‌तास ढवळावी लागते.

ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की जीव नकोसा होतो. ॲसिड टाकायचं निकेलसाठी आणि खाऊन जाणार भलतेच. वरच्या लाल मातीत लोखंड ठासून भरलेलं, खालच्या हिरवट मातीत मॅग्नेशियम, आणि दोघंही ॲसिडवर असे तुटून पडतात की लग्नात वऱ्हाड पोचायच्या आधी गावानेच पंगत उठवावी. निकेलला पुरावं म्हणून ॲसिड सढळ हाताने टाकलं तर शेवटी ते उरतं. उरलेलं सोडून देता येत नाही, ते चुनखडीची पूड घालून मारावं लागतं, आणि त्याचा जो गाळ होतो तो साठवायला जागा लागते. म्हणजे आधी ॲसिड वाया, मग त्याला मारायला चुनखडी वाया, मग दोघांचं मढं टाकायला जमीन वाया. गेली काही वर्षं माझ्यामागे एकच काम आहे. ॲसिड कमी करायचं, आणि निकेल मात्र कमी होऊ द्यायचं नाही.

आमची शेड खालापूरच्या बाजूला, हायवेपासून जरा आत. चार ढवळायच्या टाक्या, एक बॉयलर, मागे ॲसिडची मोठी टाकी आणि तिच्यापलीकडे गाळाचा खड्डा. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. वर काचेच्या भांड्यात सगळं गोड गोड जमायचं. तेच खाली शेडमध्ये केलं की आकडे हवे तिकडे पळायचे. एक आठवडा निकेल चांगलं, दुसरा आठवडा रड. मी माती बदलून पाहिली, दळण बारीक करून पाहिलं, वाफेचा पाइप गुंडाळून पाहिला, थर्मामीटर तर इतके बदलले की स्टोअरवाला मला बघून खिडकी लावून घ्यायचा.

त्यात ॲसिड मोजून सोडणारा पंप बिघडला. दुरुस्तीला गेला आणि गेला तो गेलाच. खरेदी विभागाला फोन केला की "मॅडम, फॉलोअप चालू आहे." त्या फॉलोअपवर किती माणसांची घरं चालतात देव जाणे. तोवरची सोय म्हणून ढवळायच्या टाकीच्या डोक्यावर मापाचं एक भांडं बसवलं. वरचा व्हॉल्व्ह उघडायचा, खुणेपर्यंत भरलं की बंद करायचा, मग खालचा उघडून भांडं टाकीत रिकामं करायचं. हे झालं एक माप. एका बॅचला अशी दहा मापं. दहा हा आकडा मी काढला होता आणि तो काढताना माझ्या डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले होते, तेव्हा त्या दहाबद्दल मला थोडा अभिमान होता, तो मी लपवत नाही.

खाली शेडवर राज्य मामांचं. मामा म्हणजे आमचे मुख्य ऑपरेटर. वयाने पन्नाशी ओलांडलेले, आणि सगळी शेड त्यांना मामा म्हणते म्हणून मीही म्हणते. कर्जतच्या पुढे नदीकाठच्या गावात त्यांची भातशेती आहे. कारखान्यातली नोकरी आपण शेतीतून उरलेल्या वेळात करतो, आणि कंपनीने त्याबद्दल उपकार मानावेत, असा त्यांचा एकूण आव. बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. माझी स्कूटर, माझी सर्दी, माझ्या डब्यातल्या पोळीची जाडी, सगळ्यावर त्यांचं मत तयार. आणि सगळ्यात मला चीड यायची ती त्यांच्या एका फुशारकीची.

"आमच्या शिफ्टला निकेल जास्त येतंय ते काय उगाच नाय, मॅडम. हाताचा गुण हाय."

चीड यायची कारण ते खरं होतं. दुसरी शिफ्ट खोपोलीचा एक डिप्लोमावाला बघायचा. तोंडातून शब्द नाही, कागदावर अक्षर मोत्यासारखं, आणि निकेल नेहमी मामांपेक्षा कमी. तीच माती, तीच टाकी, तीच दहा मापं. मामांच्या बॅचमध्ये शेवटी ॲसिड जास्त उरायचं आणि तरी निकेलही जास्त सुटायचं. मी मातीच्या पोत्यांवर दोष टाकला. हाताचा गुण असं काही मी अहवालात लिहिणार नव्हते.

मग एके दिवशी मॅनेजरनी मला खाली बोलावलं. हे आमचे मॅनेजर म्हणजे सिस्टीम हा शब्द वाक्यात आल्याशिवाय ज्यांचं वाक्य संपत नाही असे गृहस्थ. ते ॲसिडच्या मोठ्या टाकीपाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा असा होता की घरात कुणी गेलं असावं. "मॅडम, शिफ्टच्या कागदांवरून जेवढं ॲसिड वापरलं गेलं त्याच्यापेक्षा टाकीतलं ॲसिड कितीतरी जास्त उतरलंय. आणि ते उतरतंय फक्त मामांच्या शिफ्टला."

गळती असेल, मी म्हणाले. ते म्हणाले, गळती फक्त एकाच शिफ्टला होते का? मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की शिळफाट्यावर बॅटरीची दुकानं आहेत, संडास साफ करायचं ॲसिड विकणारे आहेत, तिथे असलं काही सहज खपतं.

मामांना बोलावलं. मॅनेजरनी विचारलं, "बॅचला किती मापं टाकता?"

"धा."

"नक्की दहा?"

"देवाशप्पत धा. मॅडमनी लिवलंय तेवडीच."

"मग टाकीतलं कुठे जातं?"

मामा म्हणाले, "ते मला काय ठावं? टाकी तुमची, चावी तुमची." हे जरा चढ्या आवाजात म्हणाले. त्यांचा नेहमीचा आवाजच चढा, पण त्या दिवशी तो त्यांच्या अंगाशी आला.

संध्याकाळी शिफ्ट सुटताना गेटवर मामांची पिशवी उघडली. उघडणारा वॉचमन त्यांच्याच गावचा, नात्याने लांबचा पुतण्या. सगळी शिफ्ट मागे रांगेत उभी. पिशवीत रिकामा डबा, पानाची चंची आणि ओला टॉवेल. वॉचमनने डबा उघडून आत बघितलं, कारण त्याला तसं सांगितलं होतं, आणि मग त्याने मान खाली घातली. मामांनी डबा बंद करून पिशवीत ठेवला. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्प पाहिलं.

मी तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. माझं डोकं फिरलं होतं. "साहेब, ते सल्फ्युरिक ॲसिड आहे. त्याचा थेंब टॉवेलावर पडला तर टॉवेलाची जाळी होते. ते माणूस डब्यातून नेईल? आमटीसारखं?"

"मॅडम, ही सिस्टीम आहे. चेकिंग सगळ्यांचंच होणार."

"आज कुणाकुणाचं झालं?"

"सुरुवात कुठूनतरी करावी लागते."

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. निरोप आला, कापणी चालू हाय. कापणी खरंच चालू होती, सगळ्या तालुक्यात चालू होती, पण मामा दर वर्षी कापणीच्या दिवसांत शिफ्ट बदलून घेऊन यायचे, न येता राहायचे नाहीत. मॅनेजरच्या मते याचा अर्थ स्पष्ट होता. मुंबईहून मोठे साहेब पुढच्या सोमवारी येणार होते. ॲसिड गायब होणं ही साधी गोष्ट नाही, त्याची पोलिसांत तक्रार करावी लागते, तेव्हा साहेबांपुढे विषय ठेवायचा आणि तक्रार द्यायची, असं ठरलं. म्हणजे आता प्रश्न निकेलचा नव्हता, ॲसिड किती कमी करता येतं याचाही नव्हता. एका माणसावर चोरीचा शिक्का बसायला फक्त सोमवार यायचा बाकी होता.

मामा चोर नाहीत याची मला खात्री होती. पण खात्री काय, मॅनेजरलाही होती, उलट बाजूची. मला पुरावा हवा होता, आणि मी चिडलेली असले की मला आकडेमोडीशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी वर जाऊन बसले. ॲसिड गेटबाहेर गेलं असेल तर आमच्या शेडमध्ये ते काही करणार नाही. ते मातीला खाणार नाही आणि शेवटी उरणार नाही. उरलंच नाही तर त्याला मारायला चुनखडीही लागणार नाही. मग मी चुनखडीची पोती बघितली. मामांच्या शिफ्टला चुनखडी डिप्लोमावाल्यापेक्षा चांगलीच जास्त लागत होती. जास्तीच्या चुनखडीने जेवढं ॲसिड मारलं तेवढं, आणि जास्तीच्या निकेल-लोखंडाने खाल्लेलं ॲसिड तेवढं, अशी बेरीज केली तर ती टाकीतल्या तुटीच्या जवळपास येत होती. ॲसिड कुठेही गेलं नव्हतं. ते आमच्याच बॅचमध्ये पडत होतं.

मी धावत केबिनमध्ये गेले. हातवारे करून सगळं समजावलं. मॅनेजरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे चुनखडीपण चोरतात?"

मी बाहेर आले. काही माणसांशी बोलण्यापेक्षा टाकीशी बोलावं.

पण मग ॲसिड पडतंय कसं? कागदावर दहा, मामा देवाची शपथ घेऊन म्हणतात दहा. मापाचं भांडं मी स्वतः पाणी भरून तपासलं, खूण बरोबर होती. व्हॉल्व्ह गळत नव्हता. शेवटी मी ठरवलं की मामांच्या शिफ्टला टाकीच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं. तिथे कुणी उभं राहत नाही. वाफेने डोळे चुरचुरतात, ढवळणीच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि मास्क लावला की नाकाला घाम फुटतो. मामांच्या जागी त्या दिवशी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक ऑपरेटर होता, चाळिशीचा, त्यांच्याच गावचा. मी म्हटलं, "तुम्ही रोज करता तसं करा. मी नाहीच असं समजा."

त्याने भांडं खुणेपर्यंत भरलं. भांड्याला बोटं लावून कपाळाला लावली, ओठ हलले, आणि खालचा व्हॉल्व्ह उघडला. मग पुन्हा भरलं, आणि आता मात्र मोठ्याने म्हणाला, "एक."

"थांबा," मी ओरडले. "हे एक? मग आधीचं कुठे गेलं?"

"टाकीत, मॅडम."

"ते मोजलं का नाही?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी विचित्र विचारलं. "तो लाभ हाय ना. लाभ मोजत नायत."

मी तिथेच लोखंडी पायरीवर बसले. माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडेही खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. पण लाभ झाला की लगेच दोन. लाभाचा मानही राहतो आणि हिशोबही. इथे मामांच्या गावात पहिली पायली लाभाची, ती कणगीत जाते पण मोजणीत येत नाही, आणि मोजणी तिच्यानंतर एकपासून. हे त्या ऑपरेटरने मला समजावून सांगितलं, मास्क खाली करून, अगदी सावकाश, अडाण्याला सांगावं तसं.

"अहो, पण ते भात आहे. हे ॲसिड आहे! ॲसिडला कसला लाभ?"

"माप तर हाय ना, मॅडम. मामा म्हनतात, माप हातात घेतलं की लाभ घालायाचाच. नायतर कामाला बरकत नाय."

बरकत! मी इतकी वर्षं एक एक थेंब ॲसिड वाचवायला मरत होते आणि खाली दर बॅचला एक अख्खं माप बरकतीला जात होतं. माझी दहा मापं मामांच्या शिफ्टला मुळात कधी टाकलीच गेली नव्हती. मामा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ती दहाच होती, आणि देवाची शपथही खरी होती. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी त्या बिचाऱ्या ऑपरेटरवर खेकसले, आणि मग त्याला चहा पाजला.

मॅनेजरना खाली आणलं. त्यांच्यासमोर पुढची बॅच लावली. त्यांनी डोळे पुसत लाभ बघितला, मग एक ऐकलं, मग दोन. सगळं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे चोर नाही. अडाणी आहे."

"साहेब, तुम्ही त्या माणसाला सगळ्यांसमोर चोर ठरवलंत."

"मी चोर हा शब्द कधी वापरला? मी फक्त चेकिंग करा म्हटलं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच माझं पित्त जास्त खवळलं. चोर हा शब्द कुणीच वापरला नव्हता. तो गेटवर उघडलेल्या डब्यातून आपोआप बाहेर पडला होता. "सांगा त्याला, उद्यापासून ये म्हणावं," मॅनेजर म्हणाले. विषय संपला. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे तो निघालाच नाही.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी स्कूटर काढून मामांच्या गावाला गेले होते. शेतं अर्धी कापून झाली होती, रस्त्याच्या कडेला पेंढ्यांचे भारे पडले होते आणि त्यांना चुकवत जाताना मी वाटभर मनात भाषणाची तयारी करत होते. मामा ओटीवर बसले होते. मला बघून उठले, त्यांच्या बायकोने पाणी आणलं. मी सगळं सांगितलं, लाभ, चुनखडी, मॅनेजर, सगळं. मला वाटलं आता हसतील आणि सवयीने माझ्यावर दोन टोमणे मारतील.

ते म्हणाले, "हे मला कशाला सांगता, मॅडम? माज्या घरात मला कोन चोर म्हनलंय?"

"मग?"

"वॉचमन गावचा. त्यानं डबा उघडला त्या सांजेला समद्या गावाला कळलं. लेकीच्या सासरलाबी कळलं. तिची सासू तिला म्हनाली, तुजा बा काय पिशवीतून आनतो गं?" एवढं बोलून ते थांबले. "सांगायाचं तर गिरनीवर चला. रविवार हाय, समदी थितंच हायत."

माझा चेहरा पडला असणार. भाताच्या गिरणीवर उभं राहून गावाला ॲसिडचा खुलासा द्यायचा, हे काही माझ्या कामाच्या वर्णनात नव्हतं. हे मॅनेजरचं काम होतं. पण मॅनेजर पनवेलला आपल्या फ्लॅटमध्ये दुपारची झोप काढत होते आणि इथे मामा चप्पल घालून उभे होते.

गिरणीवर दहा-बारा माणसं होती, बाया जास्त, प्रत्येकीपुढे पोतं. धुळीने सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मामांनी गिरणीवाल्याला मशीन बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे एक माती येते, तिच्यात निकेल असतं... एका म्हातारीने हात वर केला. "बाई, ते रावदे. यानं चोरी केली का नाय केली?"

"नाही केली."

"मग तुमचं कमी पडलं ते गेलं कुठं?"

"मामा प्रत्येक वेळी पहिलं माप लाभाचं टाकत होते. ते त्यांनी मोजलं नाही आणि आम्हाला सांगितलं नाही. कंपनीला वाटलं कुणी नेलं."

मग ती म्हातारी शेजारणीकडे वळून म्हणाली, "लाभ कोन मोजतं गं?" आणि गिरणीभर हसू पसरलं. मी इतके दिवस आकडेमोड करून, चुनखडीची पोती मोजून जे सिद्ध केलं होतं ते त्यांना एका वाक्यात पटलं. कुणी पुरावा मागितला नाही. एकजण म्हणाला, "कंपनीवाल्यांना येवडं पन ठावं नाय?" दुसरा म्हणाला, "त्यांच्यात बरकतच नाय, त्यांना काय ठावं." रस्त्यावर तयार केलेलं माझं भाषण आता कुणालाच नको होतं. वॉचमनही तिथेच होता, एका पोत्याआड. मामा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "चल रं, पोतं उचल." एवढंच. त्याने पोतं उचललं.

मला वाटलं झालं. स्कूटरपाशी मी म्हटलं, "उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, मामा. या. फक्त आता लाभ नाही हं. एकपासून सुरुवात."

मामा म्हणाले, "येतो. पन मी मोजनार नाय."

"म्हणजे?"

"मी व्हॉल फिरवीन. मोजायाचं तुमी."

"अहो, बॅच दिवसाला किती असतात! मी वर बसून माझं काम कधी करू?"

"मग दुसरं कोन तरी ठेवा. माजं मोजलेलं तुमच्यात चालत नाय." त्यांनी हे भांडणाच्या आवाजात म्हटलं नाही, म्हणून मला वाद घालता आला नाही. मी खूप समजावलं. चूक मोजण्याची नव्हती, पद्धतीची होती. कुणी तुम्हाला खोटं म्हणत नाही. कागदावर सही पण तुमचीच राहील. ते मान डोलवत राहिले आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाले.

ते आले. आता कुठे माझ्या दहा मापांचा खरा हिशोब दिसायला लागला. लाभ गेल्यावर मामांच्या हाताचा गुणही गेला, त्यांचं निकेल डिप्लोमावाल्याच्या बरोबरीला आलं. पण दोन्ही शिफ्टचे आकडे जुळल्यामुळे शेवटी नक्की किती ॲसिड उरतं हे मला पहिल्यांदाच धड कळलं, आणि मग मी कधीपासून म्हणत होते ते करता आलं. ते उरलेलं ॲसिड चुनखडीने मारण्याऐवजी त्यात हिरवट माती सोडली. ती आधाशीपणे ॲसिड खाते म्हणून मी तिला शिव्या घालत आले होते, आता तिला उरलेलंच खायला घातलं. ते खाऊन तिने तिचंही निकेल थोडं सोडलं. चुनखडीची पोती कमी झाली, गाळ कमी झाला, ॲसिड इतकं कमी झालं की खाणवाल्यांचा माणूस स्वतः बघायला आला. मॅनेजरनी त्याला पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की आम्ही सिस्टीम टाइट केली. मी शेवटच्या खुर्चीवर बसून पाणी पीत राहिले.

पंप अजून आलेला नाही. फॉलोअप चालू आहे.

आणि मामांच्या शिफ्टला अजून मीच मोजते. बॅच लागली की खालून फोन येतो, "मॅडम, या," आणि मी हातातलं काम टाकून, मास्क लावून, लोखंडी जिन्याने टाकीच्या डोक्यावर जाते. गुडघे कुरकुरतात. मला राग येतो, मी तो बोलूनही दाखवते, मामा ऐकून घेतात. आता ते माझ्या स्कूटरबद्दल काही म्हणत नाहीत, डब्यातल्या पोळीबद्दलही नाही. एकदा वैतागून मी म्हटलं, "मामा, बास झालं आता. मोजा तुम्ही. माझा विश्वास आहे तुमच्यावर." ते म्हणाले, "तुमचा हाय ओ, मॅडम. तुमचा तवापन व्हता." आणि भांडं खुणेपर्यंत भरून, हात व्हॉल्व्हवर ठेवून, मी आकडा म्हणायची वाट बघत उभे राहिले.